सान्ता फिलोमेनाचा स्टेशनमास्तर

५ नोव्हेंबर, मंगळवार
नक्की झालं. त्या कवीची बायको येतेय. २३ तारखेला, शनिवारी, दुपारी तीन वाजता. कवितेला पंचावन्न वर्षं झाली म्हणून आपल्या चौकात प्रोग्राम. कवी जाऊन जमाना झाला, कविता काही जायचं नाव घेत नाही. त्या माणसाचं नाव मी घरात घेत नाही, इथेही लिहिणार नाही.

कविता देशभर पाठ. पाचवीच्या पुस्तकात आहे. दुपारची गावं, बंद खिडक्या, रस्त्याच्या मधोमध आडवा पडलेला कुत्रा, आणि शेवटी ती ओळ: गाडी, शिटी नको वाजवूस, स्टेशनमास्तर झोपलाय. राजधानीत कारकून जागेवर नसला तरी लोक हीच ओळ म्हणतात. मला तर दातांच्या डॉक्टरनेसुद्धा ऐकवली. तोंड उघडं असताना.

तो स्टेशनमास्तर म्हणजे माझे बाबा. आणि बाबा ड्यूटीवर कधी झोपले नाहीत. एकदाही नाही.

संकल्प: त्या बाईच्या तोंडून, पत्रकारांसमोर, एकच वाक्य काढायचं. 'सान्ता फिलोमेनाचा स्टेशनमास्तर जागा होता.' बस. मग मी मरायला मोकळा.

६ नोव्हेंबर
देल्मिराताईला सांगितलं. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, येर्बाच्या पानांचा कडू काढा ओतत होती. म्हणाली, अन्सेल्मो, झोपले असतील तर झोपले असतील, मेलं का कोणी त्याने? तू एकाहत्तरचा झालास, अजून त्या ओळीला चिकटलायस.
वाद घातला नाही. ताईला मोठा विचार झेपत नाही.

७ नोव्हेंबर
नगराध्यक्षाला भेटलो. वॉल्टर क्वाग्लिया, ट्रॅक्टर विकतो, पोरगा वाईट नाही, पण डोक्यात सदा गिऱ्हाईक. त्याने स्वागताला काय करून घेतलंय? लाकडी फळीचा स्टेशनमास्तर! मान टाकून बाकावर झोपलेला, मिशा ह्या एवढ्या, आणि तोंडाच्या जागी भोक. भोकात तोंड घालून लोकांनी फोटो काढायचे.
मी म्हटलं, बाबांना मिशा नव्हत्या. तो म्हणाला, काका, भोक आहे ना, मिशा कोणाच्याही असू देत. आणि म्हणाला, काका, त्या कवितेवर दोन हॉटेलं चालतात. बाबांना झोपू द्या की जरा.
प्रेशर वाढलं. घरी येऊन आडवा झालो. हे झोपणं नव्हे, औषधोपचार.

९ नोव्हेंबर, शनिवार
नवी योजना, आणि ही बिनतोड आहे. गावच जागं दाखवायचं. बाई मोटारीतून उतरली की दुपारी तीन वाजता दुकानं उघडी, पोरं सायकलवर, क्लबात बोशेच्या, म्हणजे गोळे टाकायच्या खेळाच्या, मॅचेस रंगात, बेकरीतून पावाचा वास. मग ती काय बोलणार? जिथे गाव जागं तिथे स्टेशनमास्तर झोपेल कसा?
आजच दारोदार फिरणार होतो. दुपारी कोणी दार उघडेना.

११ नोव्हेंबर
बेकरीवाल्या तुल्लिओला सकाळी गाठलं. म्हटलं, २३ला तीन वाजता दुकान उघड. त्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी त्याची बायको मागितली. म्हणाला, मी पहाटे तीनला उठतो, तुमचे बाबा जागे होते हे सिद्ध करायला मी दुपारी का मरू?
मुद्दा मला समजला. मी मोठ्या मनाने सोडून दिला. बेकरीशिवायही गाव जागं दिसतं.
स्वतःपासून सुरुवात करायला हवी. उद्यापासून दुपारची झोप बंद.

१२ नोव्हेंबर
एक वाजता: जेवलो. ताजातवाना.
दोन: खुर्चीत ताठ बसून भाषणाचा कच्चा मसुदा.
डोळे मिटून विचार केला. साडेपाचला विचार संपला.

१३ नोव्हेंबर
आज उभ्याने मसुदा केला. कपाटाला टेकून. ताईने उठवलं, म्हणजे हाक मारली. म्हणाली, घोड्यासारखा काय उभा झोपतोस, पडशील.
उकाडाच तसा आहे. नोव्हेंबरात एवढं ऊन पूर्वी नव्हतं.

१५ नोव्हेंबर
भाषणाची सुरुवात झाली. १९८८पासून सुरू करायचं. त्या साली मी प्रांताच्या रेडिओवर फोन करून, थेट प्रसारणात, सांगितलं होतं की कवितेतलं गाव म्हणजे आमचं सान्ता फिलोमेना, तो स्टेशनमास्तर म्हणजे माझे वडील, आणि ती ओळ धादांत खोटी आहे. निवेदकाची बोलती बंद झाली. (त्याने लगेच गाणं लावलं.) तोवर आमच्या गावाकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. माझ्या त्या फोननंतर बसेस भरून लोक यायला लागले. सत्यात ताकद असते.

१८ नोव्हेंबर, सोमवार
बोशेच्या क्लबात मीटिंग. मुद्दा: तीन वाजताची मॅच. चार म्हातारे आले. ठराव झाला की मॅच व्हावी. मग ठराव झाला की सहाला व्हावी. मी आवाज चढवला तेव्हा सेक्रेटरी म्हणाला, अन्सेल्मो, सावकाश बोल, मास्तर झोपलाय. सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. पंचावन्न वर्षं हसतोय.
घरी येताना रडू आलं. कारण नाही, धुरळा होता.

२१ नोव्हेंबर
परिस्थिती: बेकरी नाही, मॅच नाही. सायकलवाली पोरं वॉल्टरने पळवली, ती आता चौकात चादरीवर झोपलेली मुलं म्हणून पडणार आहेत, कवितेचं दृश्य म्हणून. लाकडी मास्तर चौकात उभा केला. मी भोकातून पाहिलं. पलीकडे स्टेशन दिसतं, रूळ उखडलेले, फलाटावर गवत.
पण एक वाक्य अजून मिळू शकतं. बाई प्रामाणिक आहे म्हणतात. पूर्ण विश्वास आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी: सूट घातला. भाषण पाठ.
दुपारी: दीड वाजता डोळ्यांना फक्त आराम.
संध्याकाळी: लिहायला बसलोय, क्रमाने लिहितो.

बाई लवकर आली. सव्वादोनलाच. चौकात चिटपाखरू नाही, म्हणून ड्रायव्हरने दिसेल ते दार वाजवलं, ते आमचं. मी उठून स्वयंपाकघरात गेलो तर कवीची बायको ताईसमोर बसून येर्बा पीत होती. चौऱ्याऐंशीची, बारीक, पांढरे केस पोरासारखे कापलेले. मी पायात एकच बूट घातलेला. ताई म्हणाली, हा माझा भाऊ, हा जागा आहे.

तीनला चौकात गेलो. माणसं वीसेक. वॉल्टर घामाने ओला. जिल्ह्याच्या पेपरची एक मुलगी मोबाइल पुढे धरून. शाळेच्या पोरांनी कविता म्हटली. मग मी उठलो, भाषण बाजूला ठेवलं (पान सापडेना) आणि सरळ विचारलं: बाई, तुम्ही इथे आला होतात. सांगा सगळ्यांना, सान्ता फिलोमेनाचा स्टेशनमास्तर जागा होता की नाही?

बाईने इकडेतिकडे पाहिलं. म्हणाली, असेल हो जागा. मला कसं माहीत? आम्ही इथे कधी उतरलोच नाही.
आणि म्हणाली, ते गाव लोस तेरोस. इंजिन बिघडलं म्हणून आम्ही चार तास तिथे अडकलो. तिथला मास्तर बाकावर घोरत होता, एक चप्पल अंगठ्यावर लोंबत होती, मी आणि नवरा पैज लावून बसलो होतो कधी पडते ते.

लोस तेरोस! पुढचं स्टेशन. जिथे साधी फार्मसी नाही.

वॉल्टर म्हणाला, पण बाई, सगळा देश म्हणतो सान्ता फिलोमेना. बाई म्हणाली, देश म्हणतो कारण हे गृहस्थ रेडिओवर बोलले. त्याआधी आम्ही हे नाव ऐकलंही नव्हतं. मी नवऱ्याला म्हटलं, अहो, दुरुस्त करा. तो हसला. म्हणाला, राहू दे गं, बिचाऱ्याला हवंय ते. म्हणून गप्प बसले. आता माझं वय झालं, आता कशाला खोटं.

चादरीवरची पोरं उठून बसली. पेपरवाली मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, म्हणजे काका, तुमचे वडील जागे होते, तुम्ही म्हणत होता तेच खरं. अभिनंदन! आता कसं वाटतंय?

मला आनंद व्हायला हवा होता. मी वाट पाहिली आनंदाची. तो आला नाही. मला एवढंच दिसलं की उद्यापासून शाळेतली पोरं ती ओळ म्हणतील आणि ती दुसऱ्या कोणाच्या बापाची असेल.

मी म्हटलं, नाही. बाई विसरल्या. बाबा झोपायचे. रोज झोपायचे. तोंड उघडं टाकून, बाकावर. चप्पलसुद्धा लोंबायची. मी स्वतः पाहिलंय.

बाई म्हणाली, बूट की चप्पल? मी म्हटलं, दोन्ही.

तेवढ्यात ताई उठली. आयुष्यभर जी म्हणत आली की झोपले तर झोपले, ती. काठी टेकत माझ्यासमोर आली आणि म्हणाली, लाज वाटत नाही? रात्रीची मालगाडी करून बाबा दुपारच्या गाडीला उन्हात उभे राहायचे. उभे! बसलो तर डोळा लागेल म्हणून. आई छत्री घेऊन जायची तर तिला हाकलायचे. त्यांचे डोळे कायम लाल असायचे, आठवत नाही तुला? एक डुलकी काढली नाही त्या माणसाने, आणि तू त्याला झोपवतोस?

मला आठवत होतं. मी खाली बसलो. पेपरवालीचा मोबाइल माझ्याकडे वळलेला होता, ताईकडे नव्हता.

२४ नोव्हेंबर, रविवार
कालचं नीट तपासलं तर माझी चाल योग्यच होती. वादात एक पाऊल मागे घ्यावं लागतं. लोस तेरोसला जाऊन त्यांच्या मास्तराची चौकशी करणार. त्यांच्याकडे झोपेचे साक्षीदार असतील तर आपणही गोळा करू.
ताई जेवण ठेवते, पाठ फिरवते.
वॉल्टर भेटला. म्हणाला, काका, प्रयत्न चांगला होता. मला थोपटलं. फळीचा मास्तर लोस तेरोसवाल्यांना अर्ध्या किमतीत विकतोय.

२५ नोव्हेंबर, सोमवार
पेपर आला. लोस तेरोसचं पहिलं पान, फोटो, त्यांच्या मास्तराचा नातू हार घालून.
आमच्याबद्दल आत, हवामानाच्या खाली, चार ओळी. कवितेतला मास्तर सान्ता फिलोमेनाचा नव्हता. मात्र तिथलाही मास्तर रोज ड्यूटीवर झोपत असे, अशी कबुली त्याच्याच मुलाने दिली.
कवितेत बाबांचं नाव कुठेच नव्हतं. इथे पूर्ण दिलंय: एर्मिनिओ पास्क्वाले बोनेत्तो. एकही चूक नाही.