तुसाची राखुंडी

भिवंडी, मार्च १९९२
मंगळवार, संध्याकाळ

हे गाडी बघायला गेलेत, तोवर लिहिते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी भाताच्या तुसाचा कोळसा करते आणि कापड रंगवणाऱ्या डाइंग कारखान्यांच्या नाल्याचं पिवळं पाणी त्यातून गाळते. पाण्यातलं विषारी क्रोमियम कोळसा धरून ठेवतो. खाली नितळ पाणी उतरलं की मला कोण आनंद! वर उरलेला कोळसा मात्र विषारी. कपाटात जागा नाही म्हणून त्याचा डबा घरी आणला. आणला तो आणला, मोरीजवळच्या फळीवर कशाला ठेवला?

माहेरून, अंबाडीहून आत्या राहायला आलीय. आज दुपारी ती माझ्याकडे बघून हसली, तर दात काळेभोर.

"आत्या, काय लावलंस हे?"

"राखुंडी. फळीवरच्या डब्यातली. तुसाचीच हाय ना?"

तुसाचीच. गावाकडे सगळे तिनेच दात घासतात.

तिला खळाखळा चुळा भरायला लावल्या. शेजारचे डॉक्टर म्हणाले, पोटात फारसं गेलं नसेल. नसेल? ते काळे दात डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

मग तीच कौतुकाने म्हणाली, "लय बारीक केलीस गं. सकाळी दूधवाल्यासंगती वहिनीलाबी पुडी धाडली."

वहिनी म्हणजे माझी आई. ती अंबाडीलाच असते, तिथे फोन नाही, म्हणून तर गाडी हवीय.

आई, रात्री जेवल्यावरही दात घासत जा, म्हणून तिच्या मागे मीच लागले होते. आता जेवायची वेळ झालीय.