कमाल पाशा आणि अक्काची मोडी

परभणी,
२० नोव्हेंबर १९३८

ती. स्व. सुमंगलाअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुर्कस्तानचे कमाल पाशा वारल्याचं दाजींनी वर्तमानपत्रात वाचलं असेलच. त्यांनी आपल्या देशाचं काय भलंबुरं केलं, यावर आमच्या वाचनालयात निबंधवाचन ठरलं आहे. सभेला सरकारची इजाजतही मिळाली. बायकांत मी एकटीच वाचणार. निबंधाची प्रत सोबत आहे. फेज टोपी गेली, लिपी बदलली, बायकांना मत मिळालं, रेल्वे नि साखर कारखाने निघाले, सगळं घातलंय. काही राहिलं असेल तर कळव.

तुझी मोडी मला लागत नाही, पण शेजारचे व्यंकटराव नेहमीसारखे वाचून दाखवतील. तेच वाचनालयाचे अध्यक्ष आहेत, तेव्हा जरा जपून लिही.

मुलांना आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी,
लीला


बोरी,
२७ नोव्हेंबर

चि. लीला हीस अनेक आशीर्वाद.

निबंध पोचला. ह्यांनी तो ओसरीवर बसून मोठ्यानं वाचला. तुझी बालबोध लिपी मला अडखळतच वाचता येते, म्हणून ऐकावा लागला. मधे मधे थांबून हे म्हणत होते की लीला लय हुशार हाय. माझ्या कशालाच आजवर ते एवढं बोलले नाहीत. मला राग आला, आणि हेवाही वाटला. लपवून काय करू? तुला शाळेत घातलं त्या वर्षी मला बोहल्यावर उभं केलं होतं.

आता विचारलंसच तर ऐक. शेतमालाचा दहावा हिस्सा सरकार घेत होतं, तो पाशानं माफ केला, हे तू शेवटी एका ओळीत उरकलंस. बोरीत कुणालाही विचार, आधी तेच सांगतील. नि लिपी बदलली याचं तुला केवढं कौतुक. काही महिन्यांत सगळं छापणं नव्या अक्षरांत. मुलांचं भलं झालं असेल, मी नाही म्हणत नाही. पण जिनं बापाजवळ बसून जुनी अक्षरं गिरवली, ती थोरली बहीण वर्षाच्या आत अडाणी ठरली. धाकटीचं लिहिणं तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागत असेल. तिला मत मिळालं, पण चिठ्ठीवरचं नाव कुणी वाचून दाखवलं? हे तुझ्या निबंधात कुठं आहे?

व्यंकटराव हे वाचतील. वाचू देत. मी काही परीक्षेला बसलेली नाही.

राग निवला की माया उरतेच, ती ठेवून घे.

सुमंगला


परभणी,
५ डिसेंबर

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून झाल्यावर व्यंकटरावांनी ते खिशातच घातलं. मला वाटलं, रागावले. सभेत माझा निबंध झाला, टाळ्या पडल्या. मग त्यांनी तुझं पत्र काढलं. घरचं वगळून पाशांविषयीचं तेवढं वाचलं, तुझं नाव सांगून. वाचनालयाच्या हस्तलिखित अंकात माझा निबंध यायचा होता, आता तुझं पत्र येणार आहे. बोरीच्या बाई पुन्हा कधी लिहिणार, असं लोक मलाच विचारतात.

मी आठ दिवस पुस्तकं चाळली. तू एका बैठकीत लिहिलंस. टाळ्या मीही वाजवल्या, पण अक्का, पोटात दुखलं. सगळ्यात जास्त दुखलं ते याचं की तुझं पत्र माझ्याआधी त्यांनी वाचलं, नि तुझ्या मनातलं मला परक्याच्या तोंडून कळलं.

तेव्हा उलट टपाली मोडीची बाराखडी तुझ्या हातची लिहून पाठव. यापुढचं पत्र मी कुणाच्या हाती देणार नाही.

लोभ असू दे, नि अक्षरं मोठी काढ.

तुझी,
लीला