तुझे शब्द पुरले

प्रिय आई,

आज निकाल लागला. माझ्या अशील, त्या शिवणकाम करणाऱ्या मावशी, त्यांचं घर वाचलं. कोर्टातून त्या तडक घरी गेल्या, चादरीत गुंडाळलेलं मशीन परत खिडकीपाशी लावायला.

घरमालकाचं म्हणणं सरळ होतं. कलम सांगतं की भाडेकरू वारला, तर त्या वेळी त्याच्यासोबत घरात राहत असलेल्या नातलगाला बाहेर काढता येणार नाही. भाडेकरू होता मावशींचा भाऊ. तो हॉस्पिटलात वारला आणि शेवटचे दोन महिने मावशी तिथेच, त्याच्या उशाशी. म्हणजे घरात राहत नव्हत्या, विषय संपला. घरमालकाचे वकील एकेका शब्दावर बोट ठेवून बोलत होते आणि मी तो प्रत्येक शब्द पुन्हा वाचून बघत होते. मला ओळखतेसच, आमच्या सीनियरबाई म्हणतात, ही पाण्याचा पेलासुद्धा दोनदा वाचून पिते.

मग आपलं जेवणाचं टेबल आठवलं. शाळेत घालायच्या आधी तू मला तिथेच शिकवायचीस. तू नियम काढायचीस आणि तो उगीच कोणाला भोवेल ते मी शोधायचं. जेवणाआधी फ्रिज उघडायचा नाही, या नियमात स्वयंपाक करणारे बाबाच अडकले होते. मी उभी राहिले नि तेच केलं. म्हटलं, हा अर्थ धरला तर भावाला एकटं टाकून घरी बसणारी बहीण सुरक्षित, आणि सेवा करणारी रस्त्यावर. कुटुंबाचा आसरा जाऊ नये म्हणून हा कायदा, असं त्याच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय. न्यायाधीशांनी वकीलसाहेबांना विचारलं, मध्यंतरी तुम्ही महिनाभर हॉस्पिटलात होतात, तेव्हा राहायला कुठे होतात? घरीच की, साहेब बोलून गेले. सगळे हसले, शेवटी तेही.

आता आपल्या दोघींचं. बाबा म्हणाले, तू रुसली आहेस. हे कलम तू कायदा खात्यात असताना लिहिलंस, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. जो तो म्हणे, आईला फोन लाव, तिच्या मनात काय होतं विचार. म्हणूनच तुझे फोन घेतले नाहीत. आवाज ऐकला असता तर विचारल्यावाचून राहवलं नसतं. पण मावशींच्या हाती तुझं मन नव्हतं, फक्त कागद होता. तेवढ्यावरच जिंकायचं होतं, आणि तुझे शब्द पुरले, आई. रविवारी येते. हवं तितकं ओरड. फक्त अपिलाची मुदत संपेपर्यंत त्या कलमाबद्दल अवाक्षर काढू नकोस.

तुझीच,
शंकेखोर