गोगलगाईच्या टेबलावरून अक्कास

गुदैबिया, मनामा, बहारीन
शुक्रवार, दुपार

आदरणीय अंजनाअक्का,

दशरथचा, श्रद्धाचा आणि जागृतीचा मनापासून जय भीम. (तीर्थरूप लिहिलेलं नाही. मागच्या खेपेला लिहिलं तेव्हा तू फोनवर म्हणालीस, तीर्थं सोडून सत्तर वर्षं होत आली आणि तू मला कुठलं रूप देतोस. तेव्हापासून आदरणीयच.) तुझा गुडघा कसा आहे? मांडी घालून बसू नको असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि तू ते ऐकत नाहीस हे मला इथे समुद्रापलीकडे बसूनही कळतं. प्रबुद्धचं कॉलेज नीट चाललं असेल. आम्ही सगळे बरे आहोत. ऊन उतरणीला लागलंय. दुपारी चारला गॅलरीच्या कठड्याला हात लावता येतो, यावरून काय ते समज.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोन असताना पत्र कशाला म्हणशील, तर तुझा फोन कायम तुझ्या लेकाच्या हातात, आणि तो मामाचे मेसेज अख्ख्या घराला मोठ्यानं वाचून दाखवतो. शिवाय जे सांगायचंय ते तुझा आवाज कानावर पडत असताना माझ्याच्यानं सांगून होणार नाही. सुजीत (हिद्दच्या शीतगृहात माझ्याबरोबर मशिनं दुरुस्त करतो, आपल्या शेजारच्याच गावचा) सुट्टीवर निघालाय. त्याच्या हाती हे पत्र आणि एक पुडकं देतोय. पुडकं तूर्त बाजूला ठेव, आधी पत्र वाच.

जागृती आता तिसरीत. तिच्या शाळेनं यंदा खालच्या वर्गांतल्या पोरांना टॅब दिले. (टॅब म्हणजे आपल्या पाटीएवढा फोन. पाटी पुसायला थुंकी लागायची, याला तीही लागत नाही.) त्यात इंग्रजी वाचनाचं एक अॅप आहे. पोरानं गोष्ट मोठ्यानं वाचायची, ते ऐकतं. शब्द बरोबर आला की हिरवा, चुकला की लाल. फार लाल झाले की ते काही न बोलता पुस्तक मिटतं आणि त्याहून सोपं पुस्तक उघडतं. मग पोराची पायरी ठरवतं: गोगलगाय, कासव, ससा, हरीण आणि सगळ्यांत वर ससाणा. इथवर ठीक होतं. पण वर्गातली टेबलंसुद्धा याच पायऱ्यांची, प्रत्येकावर त्या त्या प्राण्याचं चित्र, आणि दर रविवारी (इथे सुट्टी शुक्रवारची, शाळेचा आठवडा रविवारी सुरू होतो) अॅप सांगेल तशी पोरं उठून इकडची तिकडे बसतात. आपली जागृती पहिल्या दिवसापासून ससाण्यांच्या टेबलावर, खिडकीशी. मी कामावर हे किती जणांना सांगितलं ते विचारू नकोस.

आता माझं. पोर अडीच-तीन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी टॅब घेऊन माझ्या मांडीवर बसली आणि म्हणाली, "पप्पा, रीड विथ मी." मी म्हटलं, डोळे दुखतायत गं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, तेव्हाही दुखले. तिसऱ्या दिवशी ती टॅब घेऊन सरळ आईकडे गेली आणि पुन्हा म्हणून माझ्याकडे आली नाही. अक्का, मी सतरा वर्षं या देशात काम करतोय. कॉम्प्रेसरवरचा प्रत्येक इंग्रजी शब्द मला त्याच्या जागेवरून आणि रंगावरून ओळखू येतो. पण शब्द एकापुढे एक ठेवून कुणी गोष्ट केली की माझं इंजिन बंद पडतं. हे श्रद्धाला अर्धं माहीत होतं, पोरीला अजिबात नाही. आणि आता आठ वर्षांची पोर मला न विचारता आईकडे जायला लागली, ते मला फार लागलं.

माझी ड्युटी सहा ते दोन. कंपनीची बस मला तीनला खाली सोडते तेव्हा मायलेकी जेवून झोपलेल्या असतात आणि टॅब हॉलमध्ये चार्जिंगला असतो. एके दिवशी मी तो उचलला, स्वयंपाकघरात गेलो, दार ओढून घेतलं आणि फ्रिजजवळ स्टुलावर बसून वाचायला लागलो. गोष्ट एका बदकाची होती. चौथ्या पानावर बदकाची टोपी हरवली. मी इतका बेचैन झालो म्हणून सांगू! पण तोवर माझे इतके शब्द लाल झाले होते की अॅपनं पुस्तक मिटलं आणि दुसरं उघडलं, त्यात बदकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याहून सोपं. नवव्या दिवशी माझ्यापुढे एक लाल चेंडू आणि खाली तीन शब्द, एवढंच पुस्तक उरलं होतं. ते मी अस्खलित वाचलं. टॅबवर फुगे उडाले. अक्का, मला शाळेत असताना कुणी फुगा उडवला नव्हता. हा मास्तर मारत नाही, हसत नाही, कुणाला सांगत नाही, म्हणून मी त्याच्या प्रेमातच पडलो.

तो सांगत होता. रोज संध्याकाळी न चुकता जागृतीच्या वर्गशिक्षिकेला, श्रेया मॅडमना, अहवाल पाठवत होता. आणि मी कोण हे त्याला काय ठाऊक? टॅब जागृतीचा, म्हणजे वाचणारी जागृती. पोर वर्गात झकास वाचायची, बाप घरी दुपारी अडखळायचा, आणि अॅप दोघांची सरासरी काढायचं. मी इतकं मन लावून वाचत होतो की वजन माझंच जास्त पडलं. पहिल्या रविवारी ती हरणांत गेली, दुसऱ्या रविवारी सशांत. तिसऱ्या रविवारी अॅपनं तिला एकदम दोन पायऱ्या खाली ढकललं आणि पोर दप्तर उचलून दाराजवळच्या गोगलगाईंच्या टेबलावर जाऊन बसली. त्या दिवशी तिचा डबा जसाच्या तसा परत आला. आईला म्हणाली, "आय थिंक आय ॲम बिकमिंग स्टुपिड."

मला हे कळलं त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. वाचणं तेवढं बंद केलं, म्हटलं आपोआप चढेल पुन्हा. श्रद्धानं इकडे आघाडी उघडली. भिजवलेले बदाम सुरू झाले, टीव्ही बंद झाला. मग पोरीचे डोळे तपासायला नेलं, आणि माझेही दुखतात म्हणून मलाही त्याच खुर्चीत बसवलं. डॉक्टर म्हणाले, दोघांचे डोळे उत्तम आहेत. मग कान. कानही उत्तम. पोर प्रत्येक खुर्चीत निमूट बसत होती, आपल्यात काय बिघडलंय ते हे लोक शोधून काढतील म्हणून. आणि बिघाड शेजारी तिचा हात धरून उभा होता. असं अकरा दिवस चाललं. मला माझी एवढी लाज कधी वाटली नव्हती.

बाराव्या दिवशी शाळेत बोलावणं आलं. वर्गात आम्हा तिघांना बसायला जागा मिळाली ती नेमकी गोगलगाईंच्या टेबलावर, वीतभर उंचीच्या खुर्च्यांत. (माझे गुडघे कानाशी आले होते. तुझ्या गुडघ्याची तेव्हा आठवण झाली.) श्रेया मॅडम कोकणातल्या, बोलायला फार गोड. त्यांनी आलेख दाखवला आणि विचारलं, वर्गात ही इतकं सुरेख वाचते, मग घरी दुपारी साडेतीनला असं काय होतं? श्रद्धा म्हणाली, "साडेतीनला ती झोपलेली असते, मॅडम." मी भिंतीवरच्या ससाण्याकडे पाहत राहिलो. टॅब दुरुस्त करणारा फहाद म्हणून इथलाच एक तरुण आहे, तो कोपऱ्यात वायरी गुंडाळत होता. तो म्हणाला, रेकॉर्डिंग असतं ना आत, आणि येऊन त्यानं बटण दाबलं.

अक्का, माझाच आवाज. एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवलेला. मधे माझा खोकला, फ्रिजची घरघर, एकदा स्पष्ट "च्यायला", आणि पुन्हा तोच शब्द पहिल्यापासून. श्रद्धानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती हसत नव्हती. मला वाटलं, या खुर्चीतून आता मी कधीच उठू नये. जागृती मात्र टॅबला कान लावून ऐकत होती. म्हणाली, "दॅट्स माय पप्पा. ही इज रीडिंग." मग श्रेया मॅडमना विचारलं, म्हणजे गोगलगाय मी नाही ना, पप्पा आहेत ना? मीच म्हटलं, हो बाळा, मी आहे. फहाद म्हणाला "खलास" आणि त्यानं माझे सगळे लाल शब्द पुसून टाकले. पोर उठली, दप्तर घेऊन खिडकीशी निघाली, अर्ध्या वाटेतून परत आली आणि आपलं खोडरबर माझ्यासमोर ठेवून गेली. टॅबवर खोडरबराचा काही उपयोग नसतो. पण मी ते घेतलं.

तर अशी ही हकिगत. या रविवारी अॅपनंही तिला ससाण्यांतच बसवलं, डबा रिकामा आला. मी त्या अॅपचा नाद कायमचा सोडला. या वयात हे धंदे करू नयेत, हे मला पुरतं पटलंय. सुजीत परत येताना त्याच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी तेवढी पाठव, बाकी काही नको. भाऊजींना आणि प्रबुद्धला जय भीम. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा धाकटा भाऊ,
दशरथ

ता. क. : नाद सोडला हे खरं नाही. आता रोज साडेचारला पोर उठल्यावर मला शिकवते. फार कडक आहे. मी चुकलो की टॅब लाल करायच्या आतच तिचं तोंड लाल होतं. पण मांडीवरच बसून शिकवते.

ता. क. दुसरं : चटणीचंही खरं नाही, म्हणजे पाठव, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू सहावीतून शाळा सोडलीस. चार वर्षांनी मी सातवीत गेलो आणि सातवीचं इंग्रजीचं पुस्तक घरात पहिल्यांदा आलं. दुपारी मी पोहायला गेलो की तू ते काढून वाचायचीस, आणि माझ्या वहीत पेन्सिलीनं स्वाध्याय सोडवायचीस. अक्षर माझं नाही हे गुरुजींनी ओळखलं. एक छडी बसली आणि मी लगेच सांगून टाकलं, अक्कानं लिहिलंय. संध्याकाळी वडील तुला म्हणाले, पोराच्या पुस्तकात हात घालायचा नाही. तू पुस्तकाला कव्हर घालून माझ्या पिशवीत ठेवलंस आणि पुन्हा कधी उघडलं नाहीस. मी सगळं पाहत होतो. माझ्या लेकीनं मला जागा दिली, मी तुला दिली नव्हती. तीस वर्षं हे बोलायचं राहिलं. अक्का, माझं चुकलं.

ता. क. शेवटचं : आता पुडकं उघड. आत एक वापरलेला टॅब आहे. घरातल्या दुसऱ्या मुलासाठी आणखी एक खातं उघडता येतं असं फहाद म्हणाला, आणि त्यानं मुलाचं नाव विचारलं. मी सांगितलं, अंजना. वय विचारलं. बारा सांगितलं. सुरुवात गोगलगाईपासून आहे, वाईट वाटून घेऊ नकोस, आपल्या घराण्याची तीच रीत दिसते. प्रबुद्ध चालू करून देईल, मग त्याला बाहेर पाठव आणि मांडी न घालता खुर्चीवर बसून मोठ्यानं वाच. बदकाची टोपी मला सापडली. कुठे ते सांगणार नाही, तू वाच. अहवालाची भीती बाळगू नकोस. तुझा अहवाल फक्त जागृतीकडे येणार आहे, आणि ती कुणाला सांगणार नाही. मी तिला विचारून घेतलंय.