गोवराची सुई

सेलू, १२ मार्च २०२५

प्रिय कांताबाई,

नमस्कार. फोनवर मी बोलले की समोरच्याला रागावल्यासारखी वाटते, आणि तुमच्याशी तर मी खरोखरच रागावून बोलले होते. म्हणून हे पत्र. इकडे सगळे बरे आहेत. कापूस विकून झाला. मुक्ता भिंत धरून उभी राहते.

जानेवारीत पुतण्याच्या लग्नासाठी मी ज्योत्स्नाला मुलीसह जामहून लगेच पाठवा म्हटलं. तुम्ही म्हणालात, "विहीणबाई, बुधवारी पोरीले गोवराची सुई हाय. लगन काही तिच्यावाचून अडून नाई राह्यलं." मी म्हटलं, सून आमची आहे. "सून तुमची, लेकरू दोघींचं," म्हणून तुम्ही फोन ठेवलात. लग्नात जो तो विचारी, नात कुठे? तेव्हापासून मी तुमच्याशी बोलले नाही.

मागच्या महिन्यात शेजारच्या सरिताच्या मुलाला गोवर निघाला. त्याची लस राहून गेली होती. आदल्या दिवसापर्यंत मुक्ता त्याच्याच सतरंजीवर खेळत होती, त्याचा खुळखुळा तोंडात घालत होती. पुढे कितीतरी दिवस मी सकाळी उठले की आधी तिच्या कानामागे पाहायची. काही उठलं नाही. सरिताचा मुलगाही आता बरा आहे.

तो राग लग्नाचा नव्हता, कांताबाई. तुम्ही गोवर म्हणालात, त्याचा होता. ब्याऐंशी साली माझी पहिली मुलगी सुमन त्यातच गेली. दीड वर्षाची होती. तेव्हा ही लस आमच्याकडे आलीच नव्हती. धनंजयला एवढंच माहीत आहे की एक बहीण होती. घरात तो शब्द मी कोणाला उच्चारू दिला नाही. बी.ए. झालेली बाई एका शब्दाला भ्यायची. तुम्ही तो सरळ बोललात आणि माझं काही एक न ऐकता पोरीला सुई देऊन आणलीत.

ज्योत्स्नाच्या परीक्षेपुरती मुक्ता तुमच्याकडे राहील. भात मऊ लागतो. दुसरा डोस ऑगस्टनंतर आहे. त्या दिवशी तिला मांडीवर तुम्हीच धरा. मी येईन, पण दाराबाहेर उभी राहीन.

उपकार हा शब्द मी सहसा कोणाला लिहीत नाही. तुम्हाला लिहिते.

तुमची ऋणी,
प्रमिला

धनंजयच्या हाती दिलं: मुक्ता, तिचं लसीचं कार्ड आणि सुमनचं दुपटं. दुपटं धुऊन उन्हात वाळवलं आहे. जपून ठेवू नका, तिच्या अंगावर घाला.