उकडलेल्या गवताची आसनं

प्रिय भागी,

काल वीटभट्टीच्या मुकादमाचा ट्रक बेटेगावच्या नाक्यावर थांबला आणि तुझी लेक कमळी त्यात चढली नाही. हे तुला माझ्याशिवाय कोण सांगणार? म्हणून नातीचं पेन घेऊन बसलेय. दुसरीपर्यंतच शिकले, अक्षरं समजून घे.

बोईसरची ती तेलाची भट्टी आठवते ना? गवती चहाचं तेल शेठचं, उकडलेला चोथा आपल्या दोघींचा. गरम टाकीतून आकड्याने ओढायचा नि मागे ढिगावर टाकायचा. शेठ रोज म्हणायचा, "जला डालो." त्या धुराने डोळे असे लाल व्हायचे की घरी नात विचारायची, "आजी, आजोबा ओरडले का तुला?" आजोबा कसले ओरडतात, बिचारे.

तू मात्र चोथा हुंगत बसायचीस. "यमू, याला अजून वास हाय. जाळायचा कशाला?"

"मग भाजी करतेस का त्याची?" मी म्हटलं होतं.

तू दोरी वळायला घेतलीस. भात साठवायला पेंढ्याची मुडी बांधणारे हात तुझे, म्हणून हे गवतही आधी पेंढ्यासारखं कडक वाळवलंस. वळायला गेलीस तर कडाकडा मोडलं. किती हसले मी! मग एकदा जेवायच्या सुट्टीत टाकीतलं वाफाळतं गवत तसंच मांडीवर घेऊन पीळ दिलास. काय मऊ वळलं गं ते. बोटं भाजली तर म्हणालीस, "भाकरी उलटताना नाय भाजत?"

दोरी गोल गोल फिरवून, दाभणाने टाचून पहिलं आसन केलंस. माझी नात त्याच्यावर मुतली, तरी वास छानच येत होता.

तुझ्या मनात काय होतं ते मला मागाहून कळलं. कापणी आटपली की दरवर्षी तुझं बिऱ्हाड वीटभट्टीवर. कमळीचा जन्मही तिथलाच. "हिला नाय पाठवायची. आसनं विकून हितंच ऱ्हाईल," म्हणालीस. आणि त्याच पावसाळ्यात तापाने तूच गेलीस. असं अर्ध्यावर टाकून जातात का? आसनाची कड कशी मिटवायची, तेवढं तरी सांगायचंस.

कमळीने तुझं आसन उसवून उसवून ते स्वतःच शोधलं. आता आपल्या इकडच्या माहीमच्या बागायतवाल्या बायका पूजेला बसायला आसनं नेतात. सरावलीच्या भाड्याच्या खोल्यांतल्या बायका दारात टाकायला मागतात. शेठही चोथा जाळत नाही, "ले जाओ" म्हणतो.

काल कमळी नाक्याजवळच्या माझ्या ओट्यावर आसन टाचत बसली होती, तिथं मुकादम आला. "चल गं कमळे. गवत चावून दिवस काढणार काय?"

कमळी मान वर न करता म्हणाली, "हातातलं आसन अर्धं हाय. तुमी जा."

तो हॉर्न वाजवत राहिला. मी गालात हसत होते. पण भागी, ट्रक वळणाआड जाईस्तोवर पोरीला एक टाका घालता आला नाही.

"मावशी, गेला का?"

"गेला."

मग तिने टाका घातला.

ट्रक पुढल्या वर्षीही येईल. तेव्हा मी तिच्या शेजारी दाभण घेऊन बसलेली असेन. माझा टाका वाकडा पडतो, तो ती उसवून नीट घालील. पण तिला एकटीला त्या हॉर्नसमोर बसू देणार नाही, एवढं नक्की.

तुझीच,
यमू