इंजिनाला लावलेला कान

४ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. महिनाभर पत्र नाही म्हणून तुझा पारा चढला असेल, तो उतरवायला आधी चांगली बातमी देतो. बाबा परत गॅरेजात यायला लागलेत! आई गेल्यापासून दोन वर्षं नुसते खिडकीशी बसून होते. आता माझ्या आधी जाऊन शटर वर करतात आणि मला दहा मिनिटं उशीर झाला की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो.

ही करामत नायट्रोमिथेनची. तू पोरांना रसायनशास्त्र शिकवतेस, तुला मी काय सांगणार? जळायला लागणारा प्राणवायू थोडाफार स्वतःच घेऊन येणारं इंधन. आपल्या जुन्या पेट्रोल गाडीचं इंजिन काढून स्टँडवर चढवलंय, त्याला टर्बो बसवलाय, आणि टर्बोतून येणाऱ्या हवेत मिथेनॉलमध्ये मिसळलेलं नायट्रो बारीक फवाऱ्याने सोडतो. दहा टक्के नायट्रोवर इंजिन असं उसळतं की बघत राहावं. मे महिन्यात घाटाच्या शर्यतीत गाडी उतरवायची, असं बाबांनीच ठरवून टाकलंय.

फक्त नायट्रोचे लाड जास्त झाले की आतलं इंधन भलत्या वेळी पेटतं आणि ठोका येतो, पत्र्यावर खडे पडल्यासारखा बारीक. तेव्हाच थांबलं नाही तर इंजिन फुटायची पाळी. हा ठोका ऐकायचं काम बाबांचं. लांब सळईचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला. ठोका आला की ते हात वर करतात आणि मी फवारा बंद करतो. बाजारात यासाठी सेन्सर मिळतो, पण तो आणायचं नाव काढलं तर बाबा आठवडाभर जेवायचे नाहीत. त्यांच्यासाठी जाड पोलादी आडोसा केलाय, सळईपुरतं भोक ठेवून. माझा आडोसा पुढच्या आठवड्यात करतो, ओरडू नकोस.

माझा आळस पोटात घाल आणि लोभ ठेव.

तुझा,
खटपट्या

११ मार्च

चि. खटपट्यास,

अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा. पत्र वाचून आधी हसले, मग हातपाय गार पडले.

मी बाबांना दिलेला शब्द मोडते आहे. गेल्या वर्षी ते माझ्याकडे आले होते, तेव्हा त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. उजवा कान पूर्ण गेलाय. डाव्याने जाडेभरडे आवाज तेवढे कळतात, बारीक आवाज मुळीच नाही. तुला सांगायचं नाही म्हणून त्यांनी मला शपथ घातली. म्हणाले, कान गेला हे कळलं तर पोरगा मला खुर्चीत बसवून ठेवील, मग मी जगून काय करू. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं रे, म्हणून मी गप्प बसले.

म्हणजे ते हात वर करतात तो अंदाजाने. तू सेन्सर बसव, नाहीतर हा उद्योग बंद कर. आणि आडोसा पुढच्या आठवड्यात नको, आजच कर. तुझं उद्या कधी उजाडत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे.

उलटटपाली लिही. तोवर माझा लोभही धास्तीतच असेल.

तुझी,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हातपाय गरम कर, सेन्सर बसवला!

मला थोडी शंका होतीच. मागून हाक मारली की बाबा ओ देत नसत, मी समजत होतो रुसलेत. रविवारी ते आंघोळीला गेल्यावर सेन्सर इंजिनाला आवळून टाकला. वायर करडी घेतली आणि ऑइलच्या पाइपामागून नेली. त्यांना लोंबतं काही दिसलं की हात शिवशिवतात, माहीत आहे ना? वायरीच्या टोकाला छोटा लाल दिवा आहे. तो फवाऱ्याचं बटण असलेल्या माझ्या फळीखाली लपवलाय, फक्त मला दिसतो. ठोका आला की दिवा लागतो, मी फवारा बंद करतो.

बाबा अजूनही हात वर करतात, बऱ्याचदा ठोका नसतानाच. मी इमानदारीने थांबतो. काल दिवा लागला म्हणून मी थांबलो, तर ते म्हणाले की मी हात कुठे वर केला होता? मी सांगितलं, तुमची बोटं हलली, मला तेवढी खूण पुरते. ताई, असे खुलले ते! रात्री जेवताना दोनदा तोच विषय. आता त्यांना खरं सांगायला मला कुणी मारून टाकलं तरी जमणार नाही, आणि तूही सांगू नकोस.

आडोशाचा पत्रा आणलाय, कापायचा राहिलाय. एवढ्यावर लोभ कमी करशील तर मीच रुसेन.

तुझा,
खटपट्या

२२ एप्रिल

चि. मोठीस,

अनेक आशीर्वाद. तू आठवडाभर इथे होतीस तेव्हा तोंड उघडलं नाही. आता लिहितो.

मला ऐकू आलं नाही, पोरी. पंधरा टक्के नायट्रोवर इंजिन चाललं होतं, मी सळईला कान लावून उभा होतो आणि मला काहीच ऐकू आलं नाही. मी हात वर केला नाही. तो माझ्या हाताकडे बघत राहिला असणार. इंजिन फुटलं, तुकडा सरळ त्याच्या छातीत गेला. आडोसा त्याने मला केला होता, त्याच्या स्वतःच्या आडोशाचा पत्रा तसाच भिंतीला टेकून होता. कान गेल्याचं त्याला सांगितलं असतं तर आज तो असता. त्याला फसवून मी त्याचा जीव घेतला.

बाकी काळजीत मी कसूर केली नव्हती. त्या दिवशी सकाळी तो झोपला होता तेव्हा एकट्याने सगळं इंजिन पुसून काढलं. पाइपामागे एक करडी वायर अडकलेली होती, कुठल्या तरी जुन्या कामातली असेल, तीसुद्धा काढून टाकली. एवढं सगळं केलं आणि करायचं तेच केलं नाही.

एक मागणं आहे. त्याने तुला लिहिलेली पत्रं पाठव. माझ्याकडे त्याच्या हातची एक ओळ नाही. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना कशाला लिहितील? त्यात माझ्याबद्दल काही असेल तर मला वाचायचं आहे.

तुझा,
बाबा

२९ एप्रिल

ती. बाबांस,

शि. सा. न. तुमचं पत्र तीनदा वाचलं. मग वर्गात जाऊन शिकवलं, काय शिकवलं ते आठवत नाही.

आधी माझा गुन्हा सांगते. तुमच्या कानाचं मी त्याला मार्चमध्येच कळवलं होतं. तुम्ही त्याला फसवलं नाहीत, त्याला सगळं ठाऊक होतं. तरी त्याने तुम्हाला सळई दिली, कारण तुम्ही शेजारी उभे असलेले त्याला हवे होते. तो तुमच्या हातावर विसंबून नव्हता, बाबा.

मग कशावर, असं तुम्ही विचाराल. स्वतःच्या शहाणपणावर. सेन्सर बसव म्हणून मी बजावलं होतं, त्याने ऐकलं नाही. तो हट्टी होता आणि आळशी होता. चूक त्याचीच. त्याच्यावर रागवा, शपथ मोडली म्हणून माझ्यावर रागवा, पण स्वतःवर रागावू नका. मी शनिवारी येते. तोवर गॅरेज उघडू नका, आवराआवर मी करीन.

पत्रं मात्र नाहीत. उत्तर दिलं की पत्र फाडून टाकायची माझी वाईट सवय आहे. एकही उरलेलं नाही.

माझ्यावरचा लोभ कमी करू नका. माझी लायकी असो वा नसो, मला आता तेवढाच आहे.

तुमची,
मोठी